कागदावर एकोणीस, हाडात सतरा

आमच्या गावात कुणी आईला विचारलं, "तुझा थोरला औरंगाबादेत काय करतो गं?" तर ती सांगायची, "पोरं पळवतो." तालुक्याहून नवीन आलेल्या एका जमादाराने हे उत्तर इतकं मनावर घेतलं की तो वहाणा न काढताच ओसरीवर चौकशीला आला. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि समजावलं की पोरगा कॉलेजात मास्तर आहे, पोरांना मैदानावर पळायला लावतो आणि त्याचा सरकार पगार देतं. जमादार म्हणाला, "पळायचा पगार?" वडील म्हणाले, "मला बी खरं वाटत नाय साहेब, पण दर महिन्याला येतो."

मलाही निवृत्त होईपर्यंत ते पुरतं खरं वाटलं नाही. आमच्या घरात चौथीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. सिल्लोड तालुक्यातल्या खेड्यातून मी बी.ए. झालो, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, आणि शहरातल्या एका कॉलेजने माझ्या हाती एक मैदान, सामानाच्या दोन खोल्या आणि एक शिट्टी दिली. ज्या गुरुजींनी मला शाळेत ओढून नेलं आणि ज्या आईवडिलांनी ओढू दिलं, त्यांचं ऋण या लेखाने फिटणारं नाही. पण मी आयुष्यभर काय केलं, हे निदान नीट सांगावं असं मनात आहे.

कॉलेजची नोकरी होतीच. तिच्या जोडीला वीसेक वर्षं मी जिल्ह्याच्या बेसबॉल संघाचं प्रशिक्षण आणि निवड पाहिली. बेसबॉल म्हटलं की लोक हसतात. अमेरिकेतला खेळ आपल्याकडे कशाला, असं विचारतात. मी त्यांना सांगतो, मकाही तिकडूनच आला. सिल्लोडच्या बाजारात जाऊन त्याला परका म्हणून दाखवा.

खेळ अवघड नाही. मैदानाच्या मधोमध मातीचा एक उंचवटा करतात. त्यावर पिचर उभा राहतो आणि साठ फुटांवर गुडघ्यांवर बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात चेंडू टाकतो. मध्ये गोल दांडक्याची बॅट घेऊन बॅटर उभा असतो. चेंडूला टप्पा नाही, तो हवेतूनच येतो. तीनदा चुकला की बॅटर बाद. मारला तर चार कोपऱ्यांवरचे चार बेस पळून घरी, म्हणजे निघालो त्या जागी, यायचं, की एक धाव. बाकीचे बारकावे पाहता पाहता समजतात. सगळा डाव पिचरच्या खांद्यावर असतो, हे मात्र पहिल्याच दिवशी समजतं.

यात माझं काम एका शब्दाचं होतं: 'कधी'. ज्युनिअर संघात चमकणाऱ्या मुलाला सीनियरमध्ये वर कधी घ्यायचं? वाचणाऱ्याला वाटेल, चांगला आहे तर घ्या. तसं नसतं. ज्युनिअरमध्ये त्याच्यासमोर त्याच्यासारखीच कोवळी मुलं असतात. वर कंपनीत पाळ्या करून आलेले, पोलिसात असलेले, दहा वर्षं खेळलेले गडी असतात. लवकर पाठवला तर मुलगा मोडतो. उशीर केला तर आंबतो. आणि आपल्याकडे हे नुसतं खेळापुरतं राहत नाही. सीनियरच्या राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळालं की मुलाला प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर सरकारी नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागेला अर्ज करता येतो. मी कागदावर लिहायचो एक नाव, पण त्या नावामागे एक अख्खं घर रांगेत उभं असायचं.

म्हणून वशिलेही यायचे. फुलंब्रीकडचे एक गृहस्थ गावरान तुपाची बरणी घेऊन आले आणि म्हणाले, "सर, पोरगं लई ताकदीचं आहे, याच तुपावर वाढलंय. चाखून बघा न् मग ठरवा." तूप खरंच उत्तम होतं. मुलाला बॅट उलटी धरायची सवय होती. बरणी परत नेताना ते म्हणाले, "मग तूप तरी ठिवा." मी ठेवलं नाही. माझी बायको अजून ते बोलून दाखवते.

चुका मात्र वशिल्याशिवायच झाल्या. वाळूजच्या कामगार वस्तीतला एक बॅटर होता, ज्युनिअरमध्ये कुणाला ऐकायचा नाही. मी त्याला एका हंगामात वर घेतला. सीनियरमध्ये वळणारे चेंडू येऊ लागले. बॅट एकीकडे, चेंडू दुसरीकडे. चार सामन्यांनंतर त्याने मैदानावर यायचंच सोडलं. आता त्याचं टायरचं दुकान आहे. माझ्या स्कूटरचं पंक्चर तो फुकट काढतो, आणि त्या फुकटपणानेच मला अपराधी वाटतं. एक वर्ष थांबलो असतो तर त्याला वळणारा चेंडू दिसू लागला असता.

त्यानंतर मी एक रीत पाडली. खेळाडू तिला 'उघडा डाव' म्हणायचे. वर घ्यायच्या पिचरला सीनियर बॅटरांसमोर तीन डाव टाकायला लावायचे, आणि सगळ्यांसमोर सांगायचं, "हा फक्त सरळ चेंडू टाकणार. ना वळण, ना हळू चेंडू." म्हणजे पत्ते उघडे ठेवून खेळायचं. बॅटरला काय येणार ते माहीत, पिचरला ते बॅटरला माहीत असल्याचं माहीत. मार पडतोच. मी चेंडू पाहत नसे, मार पडल्यावरचा चेहरा पाहत असे. कुणी रडवेला होई, कुणी रागाने अंगावर टाकू लागे. जो चेंडू पुसून पुन्हा उंचवट्यावर जाई, त्याचं नाव मी मनात लिहीत असे.

आणि दुसरी गोष्ट वय. आमच्या धंद्यात चेंडूआधी जन्मतारीख पाहतात. वय चोरणारी मुलं पुष्कळ. चौदा वर्षांखालच्या निवडीला सकाळी दाढी करून आलेले वीर मी पाहिलेत. एकदा तर अशाच एका 'तेरा वर्षांच्या' खेळाडूला मैदानाच्या कडेवरून एक पोर "पप्पाऽ" म्हणून हाका मारत होतं. त्यामुळे माझी नजर एकाच दिशेने तयार झाली होती. कागदापेक्षा मुलगा मोठा तर नाही ना? उलटही असू शकतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मुजीब सिल्लोडचा. तिथल्या शाळेत माझाच एक जुना विद्यार्थी खेळाचा शिक्षक होता, त्याने पाठवलं. सीनियरच्या जिल्हा निवडीला आला तेव्हा पायात वेगवेगळ्या जोड्यांचे बूट होते आणि कागदावर वय एकोणीस. बारीक अंगाचा, ओठावर लव, मनगटं काडीसारखी. मी त्याचे वीसेक चेंडू पाहिले. वेग ठीक होता. मी वहीत लिहिलं: 'एकोणीस. वाढ संपली. आहे हेच राहील.' पिचर कमी होते म्हणून शिबिरात ठेवून घेतला, एवढंच.

आता ती ओळ आठवली की मान खाली जाते.

शिबिराच्या तिसऱ्या रविवारी त्याचा उघडा डाव झाला. कॅचर विलास जाधव होता. वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करायचा, रात्रपाळी संपवून तसाच मैदानावर यायचा आणि गुडघ्यांवर बसून डुलक्या काढतो अशी त्याची ख्याती होती. आमच्या सगळ्यात जुन्या बॅटरने मुजीबला हाळी दिली, "ए सिल्लोड, चेंडू टाकतो का मक्याचं कणीस?"

मुजीबने पहिला चेंडू टाकला. तो विलासच्या मोज्यात गेला तेव्हा मला वेगाचं काही वाटलं नाही. दुसरा टाकला, तिसरा टाकला. बॅटर बाद झाला आणि आपल्या बॅटकडे बघत परतला. मुजीब हळूच म्हणाला, "घ्या दादा, कणीस." सगळे हसले.

मी मात्र हसलो नाही, कारण तोवर माझ्या एक लक्षात आलं होतं. विलासचा मोजा हललाच नव्हता. पुढच्या बॅटरलाही हलला नाही. विलास मुद्दाम मोजा बॅटरच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला धरायचा, चेंडू तिथं. बाहेरच्या कडेला धरायचा, चेंडू तिथं. बॅटरना सगळं माहीत होतं. एकदोघांनी मारलाही. मार पडला की मुजीब चेंडू कुठं गेला ते कुतूहलाने पाहायचा, जणू दुसऱ्याच कुणी टाकला होता, आणि पुन्हा उंचवट्यावर जायचा.

तीन डाव संपल्यावर विलास माझ्याकडे आला. झोप पार उडाली होती. म्हणाला, "सर, ह्यो टाकत नाय. नेऊन ठिवतोय."

"कुठं शिकलास रे?" मी मुजीबला विचारलं.

"शाळेत एकच चेंडू होता सर. अन् कॅचरच्या मागं मक्याचं रान. चेंडू चुकला की मक्यात. मग शोधायचा कुणी? ज्यानं टाकला त्यानं. मका लई टोचतो सर."

मी घरी गेलो तो हवेत चालत गेलो. इतक्या वर्षांत मी जोर पाहिला होता, जिद्द पाहिली होती. माणसाच्या हाताला जागा एवढी नेमकी कळू शकते हे पहिल्यांदा पाहिलं. देवळात जसं उगीच हळू बोलावंसं वाटतं, तसं मला त्या दिवशी घरी वाटत होतं. सोमवारी राज्याच्या सीनियर निवडीसाठी मी त्याचं नाव पहिल्या क्रमांकावर पाठवलं. पुढचे तीन रविवार त्याच्याकडून शंभर-शंभर, पुरे जोर लावून टाकून घेतले. एकोणीसचा गडी आहे, हाड पक्कं झालेलं, घडवायला वेळ थोडा आहे, असा माझा हिशोब.

चौथ्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, सामानाच्या खोलीच्या दाराशी एक मुलगी येऊन उभी राहिली. आमच्याच कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. नाव शबाना.

"सर, मी मुजीबची बहीण. एक सांगायचं होतं. तुम्ही रागावणार नाही ना?"

"बोल की."

"त्याचा हात दुखतो. तुम्हाला सांगत नाही. परवा त्याला डाव्या हाताने जेवताना पाहिलं, तेव्हा अम्मीने शपथ घालून विचारलं."

मी म्हटलं, "दुखणारच. हळद लावा, दोन दिवस सोडतो त्याला. एकोणीसच्या हाताला..."

"सर, तो एकोणीसचा नाही. एकोणीसची मी आहे."

मला समजलंच नाही. मग तिने सांगितलं. ती सहा वर्षांची झाली तेव्हा शाळा घरापासून लांब होती, जळगाव रस्ता ओलांडून. अम्मी तिला एकटी पाठवायला तयार नव्हती. अब्बांनी तोड काढली: मुजीबला सोबत घालायचं. मुजीब तेव्हा चार वर्षांचा. गुरुजी म्हणाले, चार वर्षांचा घेता येत नाही. मग त्यांनीच विचार केला आणि दोघांची नावं एकाखाली एक लिहिली. जन्मतारीख दोघांचीही एक जून, साल एकच.

"कागदावर आम्ही जुळे आहोत सर," ती म्हणाली. "पहिलीत तो वर्गात झोपायचा. पण रोज यायचा. तो आला नसता तर माझी शाळा झाली नसती."

एक जून! मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे जन्माची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. शाळा जूनमध्ये उघडायच्या, सहा वर्षं पूर्ण हवीत, म्हणून गुरुजी ठोकून एक जून लिहायचे. आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस त्याच दिवशी असायचा. माझाही. माझं खरं वय आईलासुद्धा 'मोठ्या गारपिटीच्या आधीचं' एवढंच सांगता येत होतं. आणि असा मी, दुसऱ्याच्या एक जूनवर डोळे मिटून विश्वास ठेवून, सतरा वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाचं काम करून घेत होतो.

माझ्या ओळखीचे हाडांचे एक डॉक्टर होते. मी मुजीबला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी खांद्याचा आणि कोपराचा फोटो काढला आणि उजेडावर धरला. म्हणाले, "ही काळी रेघ दिसते? इथून हाड वाढतं. अजून उघडं आहे. मोठ्या माणसात ही रेघ बुजलेली असते. कोपरापाशी थोडी सूज धरलीय. आत्ता थांबलात तर काही नाही. असंच चालू ठेवलंत तर हात जाईल."

"किती दिवस थांबायचं?"

"दिवस नाही सर. दीड-दोन वर्षं."

मी त्या रेघेकडे पाहत राहिलो. केसाएवढी बारीक. मी वहीत लिहिलं होतं, 'वाढ संपली'. आणि हा मुलगा, जो मोठ्यांच्या मोज्यात चेंडू नेऊन ठेवत होता, अजून आतून वाढत होता. खरं सांगतो, भीतीच्या आधी मला नवलच वाटलं. सतराव्या वर्षी हे, तर वाढ पुरी झाल्यावर काय?

पण प्रश्न हात वाचवण्याएवढा सरळ नव्हता. कागदावर तो ज्युनिअरचं वय ओलांडून गेला होता. म्हणजे खेळायचं तर सीनियर, नाहीतर काहीच नाही. आणि त्या वर्षी आमच्या राज्याचा संघ पदक आणणार, हे लहान पोरालाही दिसत होतं. मुजीब दहावीला इंग्रजीत अडकून शाळा सोडून बसला होता. ते प्रमाणपत्र हाच त्याचा नोकरीचा रस्ता होता.

मी एक हुशारीही योजून पाहिली. विलासला म्हणालो, "त्याला पिचर म्हणून नको, पहिल्या बेसवर उभा करून पाठवू. तिथं झेलायचं काम जास्त, फेकायचं कमी. हात वाचेल, कागदही मिळेल."

विलास बुटाच्या नाड्या सोडत होता. वर न बघता म्हणाला, "अन् आपला पहिल्या बेसचा गडी? चार वर्षं वाट बघतोय. त्याला काय सांगता, तुझा हात दुखत नाय म्हणून तू घरी बस?"

इतकी वर्षं मी ज्या वशिल्यांना दारातून परत पाठवलं, तसाच एक मी स्वतःच घेऊन उभा होतो, तोही विनातुपाचा.

रविवारी मी सिल्लोडला गेलो. मुजीबचे वडील हनीफभाई कापसाच्या जिनिंगवर हमालीला होते. हंगाम असेल तेव्हा काम. त्यांनी खाट झटकून मला बसवलं. मी हाडाचा फोटो दारातल्या उजेडाकडे धरला आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"लोगां उमर कम लिखाते सर," ते म्हणाले. "हमने ज्यादा लिखाई. बेटी पढ़े बोलके. अब सज़ा हमकूच?"

शाळेचा दाखला बदलून घ्यायचा म्हटलं तरी त्यांच्याकडे मुजीबच्या जन्माचा एकही कागद नव्हता. तो घरीच, सुईणीच्या हातून झालेला. मुजीब भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला म्हणालो, "तुझं नाव मी मागं घेतोय. दोन वर्षं थांब. मी आहे."

"दुखत नाय सर."

"डॉक्टर म्हणाले ते ऐकलंस ना?"

"मग दुखतं ते मला दुखतं," तो म्हणाला. "तुम्हाला काय?"

हनीफभाई त्याच्यावर ओरडले. मी म्हटलं, ओरडू नका. तो बाहेर निघून गेला. शबाना चहा घेऊन आली, तिचे डोळे लाल होते. मला सांगितल्याचा तिला पस्तावा होत असावा. तिला धीर द्यायला हवा होता. तेवढंही मला त्या वेळी सुचलं नाही.

मी नाव मागे घेतलं. त्याच्या जागी आमचा डावखुरा पिचर गेला. त्या हिवाळ्यात संघाने कांस्यपदक आणलं. डावखुऱ्याला प्रमाणपत्र मिळालं आणि पुढे दोन वर्षांनी सरकारी नोकरी. मुलगा गुणी होता, त्याचा काही दोष नाही. पण तो पेढे घेऊन माझ्या घरी आला तेव्हा पेढा गिळायला मला पाणी लागलं.

मुजीब पाच महिने मैदानावर फिरकला नाही. मी निरोप पाठवले, उत्तर नाही. एका रविवारी विलासच्या मोटरसायकलवर मागे बसून आला. मी विलासला बाजूला घेऊन विचारलं, काय सांगून आणलंस? म्हणाला, "काय नाय. म्हणलं, ह्या डावखुऱ्याचे चेंडू आडवेतिडवे झेलून माझा खांदा गेला. म्हाताऱ्यावर दया कर." विलास तेव्हा चौतिशीचा होता.

मग दर रविवारी तीस चेंडू. अर्ध्या जोराने. विलास मोठ्याने मोजायचा आणि तिसाव्याला मोजा काढून बगलेत मारायचा, म्हणजे आणखी चेंडू मागायला जागाच नको. मुजीब माझ्याशी कामापुरतं बोलायचा. "व्हय सर." "नाय सर." बाकीचा वेळ तो बसून सीनियर बॅटरांचे पाय बघायचा. दर सहा महिन्यांनी डॉक्टर फोटो काढायचे आणि मी तो उजेडावर धरायचो. रेघ पुसट होत होती. शेतात आमचे वडील पीक बघायला जायचे तसा मी ते फोटो बघायला जायचो. करायचं काहीच नसायचं, नुसतं बघून यायचं. खांदे रुंदावले. मनगटं भरली. वर्षभरात तो विलासपेक्षा चार बोटं उंच झाला.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला शहाणा समजणार नाही. मुजीब नंतर आठ हंगाम राज्यासाठी खेळला. पण तो वर गेला तेव्हा संघाचे दिवस फिरले होते. पहिली तीन वर्षं पदक आलंच नाही. नोकरीचा कागद चौथ्या वर्षी मिळाला. तोवर हनीफभाई जिनिंगवर गठ्ठे उचलतच होते. मी थांबवलं नसतं तर एखाद्या हंगामात हात गेला असता, हे खरं; आणि त्याच हंगामात घराला आधार मिळाला असता, हेही खरं. ही दोन खरं मी अजून एका पारड्यात घालू शकलेलो नाही.

मला लिहायचं होतं ते त्या आधीच्या एका महिन्याबद्दल.

दोन वर्षं पुरी होत आली तेव्हा डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "रेघ बुजली. आता टाकू दे." दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुजीबला उंचवट्यावर उभा केला आणि म्हटलं, "आज मोजायचं नाही. पुरा जोर लाव." मी विलासच्या मागे जाळीआड उभा राहिलो.

पहिला चेंडू मला दिसला नाही. आवाज ऐकू आला. विलास मोजा काढून तळहात झटकत "आयोऽ" म्हणत होता. दुसराही दिसला नाही. पाचव्या-सहाव्या चेंडूपासून माझी नजर बसली, आणि जे दिसलं त्याने मी जाळी धरून उभा राहिलो. वेग नवा होता, मोठ्या माणसाचा होता. पण मोजा हलत नव्हता. वाढीने त्याची जागा हलवली नव्हती. दोन वर्षं अर्ध्या जोरात साठवलेलं सगळं त्याने पुऱ्या जोरात जसंच्या तसं उतरवलं होतं. माझं वय तेव्हा पन्नाशीचं. असं काही आपल्या मैदानावर, आपल्या डोळ्यांसमोर होईल, हे मी देवाकडे मागायचं धाडसही केलं नसतं.

मी जवळजवळ पळतच त्याच्याकडे गेलो. "मुजीब, आजच पत्र लिहितो. राज्याची नावं या महिनाअखेरपर्यंत घेतात."

तो चेंडू पुसत होता. म्हणाला, "थांबा सर."

"काय?"

"सरळ झाला. हळू चेंडू अजून माझा नाय. बॅटरला आधीच समजतो. मला माझ्या खांद्यात समजतं."

"अरे, तिकडे गेल्यावर बसेल तो. एक वर्ष आणखी घालवतोस का?"

"महिनाअखेर म्हणलात ना? मग महिना आहे." मग पहिल्यांदाच, त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच, तो माझ्याकडे बघून हसला. "तुम्ही मला दोन वर्षं थांबवलं, मी मनात लई शिव्या दिल्या. आता मी एक महिना म्हणलो तर तुम्हाला घाम फुटला?"

विलास मागून म्हणाला, "सर, द्या की शिव्या. फिटंफाट."

माझी इतक्या वर्षांची रीत, उघडा डाव, चेहरे वाचणं, वहीतल्या ओळी, सगळं त्या वाक्यापुढे खुजं वाटलं. कधी जायचं हे मुलाला आतून समजू शकतं, आणि समजल्यावर तो पदक, नोकरी, महिनाअखेर, सगळं बाजूला ठेवून 'अजून नाही' म्हणू शकतो, हे मला कुठल्याच शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्या महिन्यात रविवार आला की मी विचारायचो, "काय?" तो मान हलवायचा. पहिला रविवार गेला, दुसरा, तिसरा. त्याचा हळू चेंडू मला उत्तम वाटत होता. मी विलासकडे बघायचो, विलास आभाळाकडे बघायचा. चौथ्या रविवारीही त्याने मान हलवली, तेव्हा मी घरी येऊन बायकोवर उगीच चिडलो. नावं पाठवायची मुदत मंगळवारी संपत होती.

मंगळवारी दुपारी मी सामानाच्या खोलीत जाळ्या मोजत बसलो होतो. दारात सावली पडली. मुजीब होता. अंगावर कामाचे कपडे, केसांत कापसाचे तंतू. वडिलांच्याच जिनिंगवर तोही आता कामाला जायचा; तिथून सरळ एस.टी.त बसून आला होता.

"ये, बस."

"नको सर. चारची गाडी धरायची आहे, पाळी आहे." त्याने उजवा हात खांद्यातून एकदा सावकाश फिरवला, स्वतःशीच मान डोलावली आणि म्हणाला, "लिहा."

मी जाळ्या खाली ठेवल्या, कोरा कागद घेतला आणि तो उभा असतानाच लिहायला बसलो.